चाकांवरचे बिऱ्हाड

मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा हौशी मंडळी आपली चाकांवरची घरे परसात झाकून ठेवतात आणि मे महिन्यात उघडतात. डुलुथला भाच्याकडे असताना हा सोहळा मी पाहिला. सुपिरियर सरोवराच्या काठाने उत्तरेस निघायचे, तर आत दिवा लागेना. मागचे तांबडे दिवेही नुसते मिणमिणत. तशी गाडी रस्त्यावर नेणे म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रणच!

बॅटरी त्याने पूर्ण भरून ठेवली होती. भरलेली बॅटरी त्या थंडीत टिकते. उतरलेली गोठून फुटते. मीटर १२.६ व्होल्ट दाखवी. फ्यूजही शाबूत. आतले दिवे या बॅटरीवर, मागचे ओढणाऱ्या मोटारीवर. पण विजेची परतीची वाट दोघांची एकच, लोखंडी सांगाड्यातून. भाचा पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. अर्थिंगची तार जिथे आवळलेली, तिथेच गंजाचा पापुद्रा! शेजारी उंदरांनी घरटे केलेले. (त्यांचे बिऱ्हाड आमच्या आधीचे.) पॉलिश कागदाने लोखंड लख्ख घासून त्याने तार पुन्हा आवळली.

"मामा, मोटारीचा ब्रेक दाबा!"

दाबला.

"लागले!"

दुपारी स्प्लिट रॉकच्या कड्यावरचे १९१० सालचे दीपगृह पाहिले. ते १९६९ साली निवृत्त झाले.