बंद तारेतील भूत

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या अधीक्षक सरांचा निरोप आला. जिन्यातला दिवा बंद केला तरी रात्रभर मिणमिणतो आणि त्या भीतीने पाचवीची मुले रात्री एकटी खाली उतरत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही दोघे या शाळेचे एकाच तुकडीचे विद्यार्थी. दहावीनंतर दोघांनीही आय.टी.आय.त वायरमनचे शिक्षण घेतले आणि आजवर त्यावरच आमचा संसार चालला. परीक्षेच्या दिवसांत खोल्यांतले दिवे मालवल्यावर ज्या जिन्यात बसून आम्ही वाचत असू, तोच हा जिना. हातातले काम बाजूला ठेवून निघालो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या ऋणांविषयी लिहावे असे मनात होते. परंतु लेखणी या दिव्यापाशीच येऊन थांबली.

दिवा बिघडलेला नव्हताच. पूर्वी तेथे तारेचा बल्ब होता, आता एलईडी आहे. जिन्याला वर एक आणि खाली एक असे दोन स्विच आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या तारा एकाच पाइपातून शेजारी शेजारी गेल्या आहेत. एकीत वीज असते तेव्हा दुसरी तुटलेली असते. पण दोन तारा आणि त्यांच्यामधले प्लॅस्टिकचे वेष्टण मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करणारी. त्यामुळे कोठेही जोड नसताना तिचा अत्यल्प अंश शेजारच्या तारेत उतरतो. जुन्या बल्बला त्याची जाणीवही होत नसे. एलईडीला मात्र मिणमिणण्यापुरता तोही पुरतो.

मुले भोवती जमली होती. त्यांना अंतरावर उभे करून आम्ही ती तार दोन्ही टोकांनी सोडवली आणि मल्टिमीटर लावला. 94 व्होल्ट! कशालाच न जोडलेली तार, आणि आकडा 94. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम असतो. तो तारेकडून जवळजवळ काहीच मागत नाही, म्हणून तारही खुशाल मोठा आकडा दाखवते. मग तारेला होल्डरमधला 60 वॉटचा जुना बल्ब जोडला. बल्ब पेटला नाही आणि मीटरवरचा आकडा शून्याजवळ कोसळला. बल्ब उजळवण्याइतके त्या तारेत काही नव्हतेच. ‘भूत पळालं!’ कोणीतरी ओरडले आणि सगळे हसले.

आम्हाला मात्र हसता आले नाही. आमच्या धंद्यातही या आकड्याला भूतच म्हणतात, आणि त्या शब्दाची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. ती हकीकत त्या संध्याकाळी प्रथमच इतरांसमोर सांगितली.

एका जुन्या घराचे वायरिंग बदलत होतो. मेन स्विच आम्ही स्वतः बंद केला होता. हाताखाली नुकताच आय.टी.आय. झालेला मुलगा होता. लाकडी घोड्यावर चढून तो जंक्शन बॉक्स उघडत होता. पहिल्या तारेवर 70 व्होल्ट आले, दुसरीवर 110. दोन्ही वेळा आम्ही खालून बल्ब दिला, दोन्ही वेळा आकडा कोसळला. तिसरीवर 205. ‘हे मोठं भूत दिसतंय,’ तो म्हणाला. बल्ब न मागताच त्याने तार हातात घेतली.

त्या घरात इन्व्हर्टर होता. घरमालकांनी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. मेन बंद होताच तो आपोआप सुरू झाला होता. तिसरी तार त्याचीच होती. मुलगा घोड्यावरून फेकला गेला. जीव वाचला, मनगट मोडले. रुग्णालयात त्याच्या आईने एवढेच विचारले, ‘बंद करून घेतलं होतं ना रे बाबांनो?’ होते. ते सांगताना मान वर होईना.

नंतर कितीतरी रात्री आम्ही तो बॉक्स मनाने पुन्हा उघडला. आकड्यावरून काही ओळखता आले नसते. 180 व्होल्टचे भूतही आम्ही पाहिले आहे. पण मेन बंद असताना पहिल्या दोन तारांत भूत आलेच कोठून, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. शेजारी एखादी जिवंत तार असल्याखेरीज मेलेल्या तारेत आकडा येत नाही. त्या दोघी आम्हाला तिसरीची बातमी देत होत्या. आम्ही त्यांना खोटे ठरवून मोकळे झालो. तो शब्द त्या मुलाला आम्हीच शिकवला होता. त्याची चूक आम्ही कधीही त्याच्या पदरात टाकली नाही. आज तो आमच्याबरोबरच काम करतो आणि घरात शिरताच आधी इन्व्हर्टरची चौकशी करतो.

मुले गप्प झाली होती. तेवढ्यात मागच्या पायरीवरून एकाने विचारले, ‘दादा, पण तुमचा बल्बच गेलेला असला तर?’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न कामाला लागल्यावर कित्येक वर्षांनी आमच्या डोक्यात शिरला होता. मग त्याला रीत दाखवली: बल्ब आधी चालू सॉकेटवर पेटवून पाहायचा, मग तारेला लावायचा, आणि नंतर पुन्हा सॉकेटवर. बल्ब त्याला स्वतः लावून पाहायचा होता. तेवढी परवानगी आम्ही दिली नाही.

निघण्यापूर्वी जिन्यातल्या होल्डरला एक छोटा कपॅसिटर जोडला आणि मिणमिण थांबली. आता जिन्यात पूर्ण अंधार होतो, अशी पाचवीच्या मुलांची नवी तक्रार अधीक्षक सरांनी परवाच फोनवर कळवली आहे.