उपरी

तंजावरला जाणारा मराठी माणूस सरस्वती महालातले मोडी कागद पाहतो, बृहदीश्वराच्या प्राकारातील १८०३ सालचा भोसलेवंशाचा मराठी शिलालेख पाहतो आणि काहीशा अभिमानाने परततो. मीही त्याच वाटेने गेलो. पण त्या मुलखात एक ओळखीचा शब्द मला अनोळखी होऊन भेटला : मिरासदार. आपल्याकडे मिरासदार म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची जमीन कसणारा. ज्याला असा हक्क नाही तो उपरी. कावेरीच्या त्या भातशेतीत मिरासदार म्हणजे बहुधा नांगराला हात न लावणारा धनी. नांगर धरायचा पन्नैयाळाने. तो आपला सालगडीच म्हणा ना. मात्र कर्जाने पिढ्यान्पिढ्या जखडलेला, आणि बहुतेक दलित. ज्या गावात जन्मला त्याच गावात उपरी.

नागपट्टणम् बंदर त्या काळी तंजावर जिल्ह्यातच होते. तेथून मजुरांनी भरलेली जहाजे मलायाच्या मळ्यांकडे जात. करारबंद मजुरी १९१० साली बंद झाली, तरी कंगाणी राहिला. हा मळ्यावरून गावी येई, उचल देई आणि माणसे घेऊन जाई. १९३८ पर्यंत हे चालले. बीडच्या ऊसतोड मजुराला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही. आज कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत जातात याचे आपल्याला नवल वाटते. तेव्हा मजुरालाच मळ्यापर्यंत नेत. मजुरीचा दर ठरवणाऱ्याला दोन्ही वेळा जागचे हलावे लागले नाही.

जे मागे राहिले त्यांच्याकडे १९६० नंतर सधन शेतीची योजना आली, आडुतुरैच्या संशोधन केंद्राचे नवे भात आले. पीक वाढले, तसे मजूर संघटित होऊन वाढीव मजुरी मागू लागले. मिरासदारांनी बाहेरगावचे मजूर आणले. एका उपऱ्यापुढे दुसरा उपरी उभा केला. वाद चिघळत गेला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे एका झोपडीत आश्रयाला शिरलेली ४४ दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, जाळून मारण्यात आली.

१९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष सोडले. एवढ्या जमिनीचे, मोटार बाळगणारे धनी स्वतः पायी जाऊन घरे पेटवतील, हे न्यायालयाला संभवनीय वाटले नाही. गावात आता स्मारक आहे. दर वर्षी २५ डिसेंबरला शेतमजूर तेथे जमतात.