दार्जिलिंगचा तुडतुडा

शाळेच्या कामांतून मोकळा झाल्यावर एकदां हिमालय पाहावा, ही फार दिवसांची इच्छा गेल्या मे महिन्याच्या अखेरीस पूर्ण झाली. सन १८८१ पासून धांवणारी ती दोन फुटी रुळांची चिमुकली आगगाडी डोंगर चढूं लागली, तेव्हां आमची मंडळी लहान मुलीसारखी खिडकीशीं खिळून बसली. कांचनगंगेनें मात्र तीन दिवस ढगांआडून तोंड दाखविलें नाहीं. म्हणून चौथ्या दिवशीं आम्ही कर्सियांगजवळचा एक चहाचा मळा पाहावयास गेलों.

उभ्या उतरणीवर कमरेएवढीं झुडपें, आणि पाठीवर टोपल्या घेतलेल्या नेपाळी बायका ‘दोन पानें व एक कळी’ या हिशेबानें कोंब खुडीत होत्या. जवळ जाऊन पाहतों तों कित्येक कोवळीं पानें कडेनें पिवळीं पडून आंत वळलेलीं! मळ्यावर देखरेख करणाऱ्या वृद्ध गृहस्थांना मीं शिक्षकी तोऱ्यांत म्हटलें, “आपल्या मळ्याला कीड लागली आहे.”

ते हंसून म्हणाले, “मास्टरजी, त्या किडीचेच आम्हांला पैसे मिळतात.”

हा कीटक म्हणजे हिरवा तुडतुडा. जोंधळ्याच्या दाण्याहूनही लहान. त्याची सोंड कोंबांत रुतली म्हणजे झुडूप स्वस्थ बसत नाहीं. स्वसंरक्षणार्थ तें लिनलूल, जिरेनिऑल इत्यादि सुगंधी द्रव्यें अधिक प्रमाणांत निर्माण करूं लागतें. यांपैकीं बरींचशीं पानांत शर्करेशीं बद्ध असतात, म्हणून हिरव्या पानाला तो वास नसतो. खुडलेलें पान रात्रभर कोमेजवून वळलें म्हणजे पेशी फुटतात, पानांतलीच एन्झाइमें तें बंधन तोडतात आणि सुगंध मोकळा होतो. शेवटीं भट्टीच्या उष्णतेनें त्यांतील एका द्रव्याचें हॉट्रिएनॉल बनतें. मे-जूनमधील दुसऱ्या बहराच्या चहाला पक्व मस्कत द्राक्षासारखा जो वास येतो, आणि ज्यामुळें ‘मस्कटेल’ म्हणून त्याचा जगांत लौकिक आहे, त्यांत या तुडतुड्याचा वाटा आहे. तैवानांत सिंचू भागांत ‘पूर्वेची सुंदरी’ या अर्थाच्या नांवाचा चहा अशाच चावलेल्या पानांचा करतात. तुडतुडे मरूं नयेत म्हणून तेथील शेतकरी औषध फवारीत नाहींत.

हा दृष्टांत मला फारच आवडला. घाव सोसल्यावांचून गुण येत नाहीं, हेंच मी जन्मभर मुलांना सांगत आलों होतों! मीं लगेच टिपणवही काढली. तें पाहून त्या गृहस्थांनीं मला मळ्याच्या दुसऱ्या अंगाला नेलें. तेथें पानांवर तपकिरी डाग होते आणि कोंब काळे पडून वाळले होते. आपल्या कोंकणांत काजूला छळणाऱ्या ढेकण्याच्या एका भाऊबंदाचें हें काम.

“याच्या चाव्यानें सुगंध येत नाहीं, पीक जातें,” ते म्हणाले. “तुडतुडेही फार झाले तर पान करपतें. इजा बेताची, ऋतु योग्य आणि पुढें हात जाणता, इतकें जुळलें तरच मस्कटेल.”

मीं वही मिटली.

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक अबोल मुलगा होता. संस्कृत शब्द चालवितांना तो अडखळे, आणि मी त्याला सर्वांपुढें उभा करीं. सोसेल तर घडेल, अशी माझी खात्री होती. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. मीं चौकशीही केली नाहीं.

त्या रात्रीं मुक्कामावर आम्हीं तो चहा दूध-साखरेवांचून घेतला. सोनेरी तांबूस रंग, आणि खरोखरच द्राक्षाचा मंद दरवळ. “कसा आहे?” मंडळींनीं विचारलें. “उत्तम,” मी म्हणालों. पण तो काळा पडलेला कोंब डोळ्यांपुढून हालेना.

घरीं आल्यावर जुन्या वह्यांतून त्या मुलाचें नांव शोधून काढलें आहे. गांवही सांपडलें आहे. आतां पत्र लिहावयाचें आहे.