आखाडा आणि वेदी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामाच्या आवारात मुलांचा एक खेळ फार रंगला होता. वहीच्या पानांवर त्यांनी एक कल्पित राज्य रेखाटले होते. त्यात सातपुड्यासारखे डोंगर होते, नद्या होत्या, एक मंदिर होते आणि मंदिरासमोर एक गोल आखाडा होता. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे, फासे टाकायचे आणि पडलेल्या दानाप्रमाणे त्या पात्राचे नशीब चालवायचे. वर्षातून एकदा दोन योद्ध्यांनी देवतेसमोर मरेपर्यंत झुंजायचे. झुंज झाली नाही तर त्या वर्षी पाऊस नाही, असा त्या राज्याचा नियम. असले खेळ परदेशी पुस्तकांत आणि आता मोबाइलवरही पुष्कळ आहेत. मुलांनी ते तिथूनच उचलले असणार. आम्ही कौतुकाने पाहत उभे होतो. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका लहानग्याने आम्हांला विचारले, "सर, यांतला देवाला कोण आवडतो? जिंकलेला की मेलेला?"

प्रश्न खेळातला होता, पण तो आमच्या मनातून जाईना.

पावसाची ती अट मुलांना कोठे सापडली कोण जाणे! परंतु ती निव्वळ कल्पना नव्हे. इंग्रजी अमलात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात नोंदलेली एक प्रथा अशी : वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्या खानदेशात जिला आखाजी म्हणतात त्या दिवशी, शेजारशेजारच्या गावांतली मुले गोफणगुंडे घेऊन एकमेकांशी लढत. ही लढाई बंद पडली तर पाऊस पडत नाही, आणि पडलाच तर उंदरांचा सुळसुळाट होतो, अशी लोकांची समजूत होती. डोकी फुटत असत ती पोरांची, आणि पीक यायचे ते साऱ्या गावाचे.

ही प्रथा आता कागदावर राहिली. पण तिची थोरली बहीण अद्याप जिवंत आहे. नागपूरहून बैतूलकडे जाणाऱ्या मार्गावर, महाराष्ट्राची सीमा ओलांडताच, पांढुर्णा लागते. राज्य मध्य प्रदेश, पण घराघरांतली भाषा मराठी. पूर्वी हे गाव छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला. तेथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार भरते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी ते झाड तोडून झेंडा आणायचा, सावरगावकरांनी त्यांना दगडांनी अडवायचे. दोन्ही काठांवरून दिवसभर गोट्यांचा वर्षाव होतो. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण करतात. सांगतात, की पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत होता. पात्रातच दोघांवर दगड पडले आणि दोघेही गतप्राण झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा खेळ. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. १९५५ पासून दहांहून अधिक माणसे यात दगावल्याचे वृत्तपत्रांनी दिले आहे. काठावर डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस सारे सज्ज असतात. जमावबंदीचे हुकूम निघतात आणि त्या हुकमांच्या देखतच जमाव जमतो.

एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबराचे चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारून गोटे उचलले. ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा आम्हांला हसू आले होते. विचार केल्यावर हसू मावळले. चेंडूने कोणाचे काहीच जात नाही, आणि ज्यात काही जात नाही ते देवीला कसे पोचणार, असा तो हिशेब आहे. पांढुर्ण्याचा माणूस क्रूर नाही. घरी तो बैलाच्या खांद्याला लोणी लावून आलेला असतो. तो देणे फेडण्यासाठी दगड उचलतो, मौजेसाठी नव्हे.

हा 'देण्याचा' विचार रोमन लोकांत स्पष्ट नावानिशी होता. तलवारबाजांच्या झुंजींना ते 'मूनुस' म्हणत. अर्थ, कर्तव्य किंवा देणे. इसवी सनापूर्वी २६४ साली ब्रूतुस पेरा याच्या मुलांनी रोमच्या गुरांच्या बाजारात बापाच्या अंत्यविधीनिमित्त तीन जोड्या लढविल्या, ही रोममधील पहिली नोंदलेली झुंज. म्हणजे जे पुढे हजारो लोकांचे मनोरंजन झाले, ते आरंभी श्राद्ध होते! देव त्यातून कधीच गेले नाहीत. तेर्तुल्यान हा इसवी सन २०० च्या सुमाराचा आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक. तो लिहितो, की आखाड्यात एक जण मर्क्युरी देवाचे सोंग घेऊन येई आणि पडलेला माणूस खरोखर मेला की नाही, हे तापल्या सळईने तपासी. दुसरा पाताळाच्या देवाचे सोंग घेऊन हातोडा घेतलेला असे आणि प्रेते ओढून नेई. आपणही हे पाहून हसलो होतो, हे सांगायला तो लाजत नाही. आमच्या मुलांच्या वहीतला आखाडा आणि हा आखाडा यांत अंतर फारसे नाही. तिथे मेलेली पात्रे दुसऱ्या डावात उठत, येथे कोणी उठत नसे, एवढेच.

मिस्साबलीतील पहिल्या कृतज्ञतास्तुतीत संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिता यांची नावे आपण ऐकतो. ऐकतो आणि पुढे जातो! इसवी सन २०३, मार्चची ७ तारीख, कार्थेज नगरी. पर्पेतुआ बाविशीची, कुलीन, अंगावर पिते मूल. फेलिसिता दासी, तुरुंगातच बाळंत झालेली. आखाड्याच्या दारात त्यांच्यापुढे पोशाख ठेवण्यात आले : पुरुषांना शनिदेवाच्या पुजाऱ्यांचे, स्त्रियांना धान्यदेवी सेरेसच्या पुजारिणींचे. प्राण घ्यायचे ते घ्याच, पण त्यांनी ते पूजेच्या वेषात द्यावेत, अशी योजना. पर्पेतुआने तेथेच नकार दिला. हे करावे लागू नये म्हणूनच तर आम्ही प्राण देत आहोत, असे तिचे म्हणणे. अधिकाऱ्याला ते मानावे लागले आणि सारे आपापल्या साध्या कपड्यांनिशी आत गेले. शेवटी तिच्या गळ्यावर ज्याची तलवार आली तो नवशिका होता. त्याचा हात कापत होता. तो हात तिने स्वतःच गळ्यापाशी नेला.

आम्हांला त्या कपड्यांचा प्रसंग जनावरांच्या प्रसंगाहून मोठा वाटतो. मरण तिने टाळले नाही. त्या मरणाला कोणाचा तरी नैवेद्य म्हणवून घेणे तिने टाळले. त्या लहानग्याला आम्ही जे सांगितले ते याच प्रसंगाच्या आधारे. देवाला दोघेही आवडतात, बाळ, आणि म्हणूनच त्याला ती झुंज आवडत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले असे म्हटले आहे. त्या जागी तो स्वतः उभा राहिला. आता देवाच्या नावाने तेथे दुसऱ्या कोणाच्या मुलाला उभे करण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही. मुलाचे समाधान झाले की नाही, सांगवत नाही. त्याने फासे पुन्हा टाकले.

परंतु हे सांगून ताठ मानेने घरी जावे, असे आपले घर नाही. ख्रिस्ती माणसे त्या सज्जांतही बसलेली होती. संत ऑगस्टीनने आपला मित्र अलिपियुस याची हकीकत लिहून ठेवली आहे. मित्रांनी त्याला ओढून नेले. तो डोळे गच्च मिटून बसला. कान मात्र मिटायचे राहिले. एक आरोळी उठली, डोळे उघडले आणि तो रक्त पीतच राहिला. पुढे हाच अलिपियुस बिशप झाला. बादशहा ख्रिस्ती झाल्यावरही झुंजी कित्येक दशके चालल्या. मध्ययुगात ख्रिस्ती सरदार हौसेने एकमेकांवर भाले चालवीत. ११३० साली ख्रिस्तसभेने त्यावर बंदी घातली, त्यात मरणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले, तरी ते थांबले नाहीत आणि १३१६ साली बंदीच उठवावी लागली. तेव्हा पांढुर्ण्याच्या जमावबंदीला हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

हुकमाने जे थांबले नाही ते थांबविण्यात एका संन्याशाचा वाटा आहे. थिओदोरेत या इतिहासकाराने ही गोष्ट अगदी थोडक्यात दिली आहे. तेलेमाखुस नावाचा पूर्वेकडचा एक साधू रोमला आला, आखाड्यात उतरला आणि झुंजणाऱ्यांना सोडवू लागला. सज्जांतल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. होनोरियुस बादशहाने हे ऐकून त्या झुंजी बंद केल्या. परंपरेने हे वर्ष ४०४ मानतात. तोही दगडांनीच गेला, दोन पक्षांच्या मधोमध, पळसाच्या झाडासारखा.

मग शरीराने देवाला काही द्यावे, ही माणसाची ओढच खोटी म्हणावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. खानदेशातल्या जत्रांचा कुस्त्यांचा फड पाहावा. हलगी कडाडते, रेवडीच्या आणि नारळाच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो. पाठ मातीला लागली की निकाल झाला. त्यापुढे एक बोटही उचलायचे नाही. आणि आपल्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी तर याहून पुढची. तिची परंपरा १२४६ पासूनची सांगतात. बावा-बुध्या होणारे पुरुष कित्येक दिवस आधीपासून व्रत पाळतात : खाटेवर निजायचे नाही, पायांत काही घालायचे नाही, ब्रह्मचर्य राखायचे. अंगभर नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. उंच बांबूसाठी खड्डा हातांनी खणतात, हत्यार लावीत नाहीत. रात्रभर नाच होतो आणि पहाटे होळी पेटते. शरीर पुरेपूर कामी लागते. कोणाचे डोके मात्र फोडावे लागत नाही.

होळीची पौर्णिमा आपल्या उपवासकाळातच येते. २०२४ साली होळी पौर्णिमा आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, २४ मार्चला आले. मंदिरात झावळ्या आशीर्वादित होत होत्या त्या दिवशी सातपुड्याच्या पाऊलवाटांनी व्रतस्थ माणसे अनवाणी काठीकडे निघाली होती. आपल्यातही त्या आठवड्यात कोणी चपला सोडतात, कोणी मांस, कोणी दारू.