बोरे, देवी आणि व्हेनिसची परिषद

मागच्या जानेवारीत महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय फळ्यावर लिहिला होता : 'अण्वस्त्रे, हवामान आणि रोगराई ही संकटे आंतरराष्ट्रीय शिखर परिषदांनी टळू शकतात.' बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची होती. माझ्या चिठ्ठीत 'विरोधी' निघाले. खरे सांगते, मला आनंद झाला. चिठ्ठीत 'अनुकूल' निघाले असते तर मी नाव मागे घेतले असते. कारण माझे भाषण माझ्या मनात पाच वर्षांपासून तयार होते. फक्त व्यासपीठ मिळाले नव्हते.

आम्ही मेहरूणचे. जळगावात राहणाऱ्यांना मेहरूण म्हटले की तळे आठवते, गणपती विसर्जनाची गर्दी आठवते आणि हिवाळ्यात बोरे आठवतात. मेहरूणची बोरे एकेकाळी मुंबईपर्यंत जात, असे आजी सांगते. आता झाडे कमी आणि प्लॉट जास्त झाले. आमच्या परसात दोन झाडे उरली आहेत, त्यांच्यावर आजीचा जीव. बाबा औद्योगिक वसाहतीत एका डाळमिलमध्ये हमाल आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे 'स्पर्धा म्हणजे परीक्षा का?' हा प्रश्न घरात दोनदा विचारला गेला.

पाच वर्षांपासून तयार असलेले भाषण काकांचे होते. काका केळीच्या ट्रकवर चालक होते. रावेर-सावद्याकडून माल भरायचा आणि उत्तरेकडे, बहुधा दिल्लीला, पोचवायचा. २०२० साली सगळे जग घरात बसले होते तेव्हाही केळी थांबली नाही, कारण पिकलेले फळ कोणाची वाट पाहत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये काका फेरीवरून आले ते ताप घेऊनच. त्या वेळी लस पंचेचाळीस वर्षांवरच्यांना मिळत होती. काकांना त्रेचाळीस चालू होते. अठरा वर्षांवरील सर्वांना लस १ मेपासून, असे जाहीर झाले होते, आणि काका एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेले. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत रात्र गेली. कोणत्या दारावरून परत फिरवले आणि कोण काय म्हणाले, ते मी येथे लिहीत नाही. मी तेव्हा नववीत होते. काकूला आम्ही चेहरादेखील नीट दाखवू शकलो नाही.

पुढे बारावीत असताना एका मासिकात वाचले की, लशीवरचे पेटंटचे हक्क काही काळ बाजूला ठेवावेत, असा प्रस्ताव भारताने आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला होता. आणि त्यावर निर्णय झाला तो जून २०२२ मध्ये, जिनिव्हाला, तोही बराच कापून-छाटून. वीस महिने! मी वहीत तारखांची वजाबाकी करून ठेवली. काकांचा एप्रिल त्या वीस महिन्यांच्या पोटात बसत होता. माझे भाषण तेथेच तयार झाले : तुम्ही चर्चा करा, आम्ही सरण रचतो.

सरावाच्या दिवशी आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी ते ऐकून घेतले. टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत. म्हणाले, "लस तर पुण्यातच बनत होती. जिनिव्हाचा ठराव सहा महिन्यांत झाला असता, तर तुझ्या काकांना ती एप्रिलमध्ये मिळाली असती का?" मी गप्प राहिले. प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर 'सांगता येत नाही' हेच होते. माझ्या रागाला एक पत्ता हवा होता आणि जिनिव्हा लांब असल्यामुळे तो सोयीचा होता. सर म्हणाले, "ग्रंथालयात जा. १८९७ पासून सुरुवात कर."

वाचकहो, १८९७ साल मला शालेय पुस्तकातून एवढेच माहीत होते की पुण्यात प्लेग झाला आणि चापेकरांनी रँडला मारले. पण त्या वर्षी आपल्या मुंबईमुळे युरोपात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, हे मला कोणी सांगितले नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बातमी पसरताच युरोपातील सरकारे घाबरली. मुंबईहून निघणारी जहाजे आणि मक्केला जाणारे यात्रेकरू यांच्याबरोबर प्लेग आपल्या दारात येईल, ही धास्ती. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला सगळे जमले आणि १९ मार्चला करारावर सह्या झाल्या. जहाजे कशी तपासायची, प्रवासी किती दिवस अडवून ठेवायचे, साथीची बातमी एकमेकांना तारेने कशी कळवायची, हे सारे त्यात होते. तशा परिषदा १८५१ पासून पटकीसाठी भरत होत्याच. ही केवळ प्लेगसाठी होती.

मी त्या तारखांपाशी अडखळले. परिषद चालू असतानाच, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई गेल्या. डॉक्टर झालेला त्यांचा मुलगा यशवंत पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात पोचल्या, आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला. व्हेनिसमध्ये प्लेगला दाराबाहेर कसे ठेवायचे याचा मसुदा चालला होता आणि येथे एक सहासष्ट वर्षांची बाई प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेत होती. मी शिकते आहे ती कोणाच्या जिवावर, हे वेगळे सांगायला नको. ग्रंथालयात मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. मला वाटले, सरांनी मला माझ्याच बाजूचा पुरावा दिला! त्या परिषदेत मुंबईच्या चाळीतला कोणी नव्हता, पुण्याचा कोणी नव्हता. सारी चिंता युरोपच्या बंदरांची आणि इंग्रजांच्या व्यापाराची. त्याच वर्षी फेब्रुवारीत येथे साथरोग कायदा झाला, ज्याच्या जोरावर घरात शिरून झडत्या घेतल्या गेल्या. आणि हाच १८९७चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, तेव्हा तो एकशे तेवीस वर्षांचा होता. आमच्या मेहरूणच्या रस्त्यावर बांबू आडवे बांधले गेले, त्याच्या मागे ही इतकी जुनी गोष्ट होती.

भाषण पक्के झाले असे समजून मी घरी आले. आजी ओसरीवर सुपात बोरे निवडत होती : किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. मी तिच्या समोर बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. वास्तविक रोजच पाहते. आजीच्या गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर देवीचे वण आहेत. लहानपणी मला वाटायचे की सगळ्याच आज्यांचे चेहरे असे असतात. पुढे कळले की ते फक्त जुन्या माणसांचे असतात आणि अशी माणसे आता कमी होत चालली आहेत.

"आजी, तुला देवी आल्या तेव्हाची आठवण आहे?"

"हाये ना. सहा-सात वर्साची असंन. मायनं कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं व्हतं. मरीमायले दहीभात. मी राह्यली, भाऊ गेला." एवढे बोलून तिने एक किडके बोर बाजूला टाकले. त्या भावाचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारले.

आत्याच्या हातावर देवी टोचल्याचा वाटोळा वण आहे. बाबांच्या हातावर तो नाही. बाबा १९८१चे. आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केले होते की देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला. आजी, आत्या आणि बाबा या तिघांना एका रांगेत बसवले की इतिहासाचे पुस्तक उघडायला नको.

हे कसे घडले ते मी दुसऱ्या दिवशी वाचले. १९५८ साली अमेरिकेतील मिनियापोलिसला जागतिक आरोग्य परिषद भरली होती. रशियाचे डॉ. झ्दानोव्ह यांनी उभे राहून प्रस्ताव मांडला की देवीचे समूळ उच्चाटन करावे. शत्रूच्या घरात जाऊन! दोन्ही देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते तो हा काळ. पण रशियाने लशी दिल्या, त्यांतल्या कितीतरी भारतात आल्या. १९६७ पासूनच्या मोहिमेचे प्रमुख होते अमेरिकेचे डॉ. हेंडरसन. भारतात घरोघर फिरून रोगी शोधले, रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवले. दोन टोकांची साधी सुई. मे १९७५ नंतर भारतात देवीचा देशी रोगी सापडला नाही. अर्थात मिनियापोलिसच्या सभागृहात कोणी बरा झाला नाही. बरे केले ते गावोगाव पायपीट करणाऱ्या 'देवी डॉक्टर' मंडळींनी. पण त्यांच्या पिशवीतली लस त्या ठरावामुळे आली होती. आजीच्या भावाला मात्र उशीर झाला. त्याचा उशीर आणि काकांचा उशीर मी एकाच वहीत लिहिला.

आता माझी अडचण झाली. चिठ्ठी विरोधी आणि पुरावा घरात बसून बोरे निवडतोय.

अण्वस्त्रांचे मी भराभर वाचून काढले. आपले डॉ. होमी भाभा १९५५ साली जिनिव्हाच्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाच्या परिषदेचे अध्यक्ष होते, हे वाचून उगाच छाती फुगली. १९८६ साली रेकयाविकला रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले, भेट फसली असे सर्वांनी लिहिले, आणि पुढच्याच वर्षी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार झाला. त्या वेळी जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती, आज बारा हजारांच्या आसपास आहेत. तो करार २०१९ मध्ये मोडला, हेही खरे. बारा हजार म्हणजे कमी, असे म्हणायला जीभ वळत नाही.

हवामानाचे मला पुस्तकात फार शोधावे लागले नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. डाळमिलच्या पत्र्याखाली किती जातो ते कोणी मोजत नाही. बाबा दुपारी घरी येतात तेव्हा आधी दारातच बसतात, ओला रुमाल डोक्यावर घेतात आणि पाच-दहा मिनिटे कोणाशी बोलत नाहीत. केळी उष्णतेने करपली तर बागायतदाराला हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे, आणि तो असावाच. हमाल करपला तर? २०१५ साली पॅरिसला सगळ्या देशांनी ठरवले की पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली, शक्यतो दीड अंशावर रोखायची. प्रत्येकाने आपापले आकडे स्वतःच लिहून द्यायचे. न पाळल्यास दंड नाही. २०२४ साली बाकूला श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले आणि हे फारच तोकडे आहे असे भारताने तेथेच सांगितले. देवीच्या मोहिमेत लस कोणाला टोचायची हे ठरलेले होते. येथे दुखणे ज्याचे, त्याने केलेला धूर थोडा. आणि ज्याचा धूर मोठा, त्याला दुखणे आताशा कोठे लागले आहे. माझ्या मते खरा फरक येथे आहे.

स्पर्धेच्या दिवशी मी विरोधी बाजूने उभी राहिले. काकांचे सांगितले. सभागृह शांत झाले. व्हेनिसचे सांगितले, सावित्रीबाईंचे सांगितले. आणि मग, काय झाले कोण जाणे, तोंडातून निघून गेले, "परंतु माझ्या आजीच्या चेहऱ्यावर..." पुढे मी देवीची सगळी हकीकत सांगून बसले. शिवाय हेही सांगितले की २० मे २०२५ रोजी जिनिव्हाला महामारीचा करार मंजूर झाला, त्यात लशींचा ठरावीक वाटा जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती देण्याची तरतूद आहे, पण नमुने आणि लशी वाटून घेण्याचा नेमका तपशील पुढच्या वाटाघाटींवर सोडला होता. आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने त्या संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला होता. घंटा वाजली तेव्हा मी कोणत्या बाजूची आहे, हे परीक्षकांना कळले नव्हते. मलाही नाही. बक्षीस अर्थातच मिळाले नाही. एका परीक्षकांनी गुणपत्रकावर 'बाजू बदलली' असा शेरा लिहिला. सर मात्र जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "लिहून काढ." म्हणून हे लिहिले.

घरी आल्यावर आजीने विचारले, काय झाले. मी परिषद म्हणजे काय ते तिला समजावून सांगू लागले : मोठमोठ्या देशांची माणसे एका टेबलाभोवती बसतात, आणि रोग, बॉम्ब, ऊन यांच्याबद्दल काय करायचे ते ठरवतात.

"मंग तिथं आपल्याकडचं कोन बसते?"

"दिल्लीचं कोणीतरी."

"अन् मेहरूनचं?"

मी हसले. ती हसली नाही. तिने निवडलेली बोरे टोपलीत भरली, वरून ओला फडका टाकला आणि म्हणाली, "हे तुह्या काकूले देऊन ये. तळ्यावर गाडी लावली असंन तिनं. ऊन चढायच्या आत जाय."