सह्याद्रीपलीकडचं ‘यो’

मी स्पॅनिश शिकते असं सांगितलं की पवनानगरात दोन प्रश्न येतात. पहिला, ‘कशाला?’ त्याचं उत्तर सोपं आहे. तळेगावच्या पुढे चाकण आहे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत, आणि गेस्टॅम्प, सीआयई, ग्रुपो अँटोलिन अशा काही कंपन्या मूळच्या स्पेनच्या आहेत. भाषा आली तर कुठेतरी चिकटता येईल, एवढा साधा हिशोब. हा हिशोब माझ्या आईलाही पटतो, म्हणून तर तिने क्लासची फी भरली.

दुसरा प्रश्न अवघड. ‘पण बोलणार कुणाशी?’

फोनवरचं ॲप रोज मला सांगतं की मांजर दूध पितं आणि माझ्या काकांकडे लाल टोपी आहे. मी ते हजार वेळा म्हटलं. पण भाषा म्हणजे समोरून काहीतरी अनपेक्षित यायला हवं, आणि ॲपकडून अनपेक्षित काही येत नाही. पुण्याच्या क्लासमधल्या मॅडम म्हणाल्या, ‘आजूबाजूला स्पॅनिश बोलणारे लोक शोधा, त्यांच्यात मिसळा.’ हे वाक्य परदेशी पुस्तकातून आलेलं होतं हे उघड आहे. अमेरिकेतल्या एखाद्या शहरात शेजारच्या गल्लीत मेक्सिकन दुकान असेल. माझ्या शेजारच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे आणि शनिवार-रविवारी धरणाकाठच्या तंबूंकडे जाणाऱ्या गाड्यांचं ट्रॅफिक.

तरी मी शोधायचं ठरवलं, आणि सुरुवात घरातूनच झाली. स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं. ‘बाल्दे’ म्हणजे बालदी. ‘पान’ म्हणजे पाव. ‘पताता’ म्हणजे बटाटा. मला वाटलं, ही भाषा आपल्या मोरीत आणि स्वयंपाकघरात आधीच येऊन बसली आहे की! मग पुढचे शब्द आले आणि गंमत बदलली. साबणाला स्पॅनिशमध्ये ‘खाबोन’ म्हणतात, चावीला ‘यावे’, नाताळला ‘नाविदाद’. हे आपल्या शब्दांपासून लांब गेले. पोर्तुगीजमध्ये मात्र साबण ‘साबांव’ आहे, चावी ‘शाव्ह’ आणि नाताळ तर ‘नाताल’च. म्हणजे आपल्याकडे आलेली ही पाहुणी स्पॅनिश नव्हती, तिची सख्खी बहीण होती. सोळाव्या शतकापासून गोवा, वसई, चौल इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या जहाजांमधून बटाटा, मिरची, काजू, अननस ही अमेरिकेतली पिकं आली आणि त्यांच्या तोंडून हे शब्द आले.

हे वाचता वाचता एक नाव सापडलं, ते आमच्या अगदी जवळचं. कोर्लई. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या खाडीच्या तोंडाशी. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घराघरात पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर. भाषातज्ज्ञ तिला कोर्लई क्रेओल पोर्तुगीज म्हणतात. ते लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

स्पेन सात-आठ हजार किलोमीटर. कोर्लई सव्वाशेच्या आसपास. माझ्या चुलतभावाला, दादाला, म्हटलं, गाडी काढ.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या हायवेने लोणावळा, मग घाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग, चौल, रेवदंडा. घाटमाथ्यावर गार वारा, खाली उतरलं की अंगाला चिकटणारी दमट हवा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की समोर समुद्रात घुसलेली लांबुडकी टेकडी दिसते, तिच्यावर कोर्लईचा किल्ला. १७४० साली चौल, रेवदंडा आणि हा किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज निघून गेले. भाषा मात्र मागे राहिली, कारण ती बोलणारे इथलेच होते. एका बाजूला खाडी, तिच्यावर तेव्हा पूल नव्हता, लग्नं आपसात. त्यामुळे पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ ती टिकली.

चर्चजवळच्या एका घराच्या ओट्यावर एक मावशी सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. मी ओळख सांगितली, येण्याचं कारण सांगितलं. त्या हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, ‘बस. पाणी घे आधी.’ मराठी त्यांची तितकीच होती जितकी माझी. मी माझं स्पॅनिश वाक्य म्हटलं: ‘यो बेबो आग्वा.’ मी पाणी पिते. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. ‘यो आमचं पण यो,’ त्या म्हणाल्या. ‘पिण्याला आम्ही बेबे म्हणतो.’

मला टाळी वाजवावीशी वाटली. पोर्तुगालच्या पुस्तकी पोर्तुगीजमध्ये ‘मी’ला ‘एउ’ म्हणतात. कोर्लईत आणि स्पेनमध्ये मात्र ‘यो’. हा योगायोग आहे हे मला कळतं, पण दोन वर्षं मांजरीच्या दुधाविषयी बोललेल्या मुलीला तो योगायोग पुरेसा होता.

त्या शेजारणीशी बोलायला लागल्या तेव्हा मात्र मला फारसं काही कळेना. शब्द ओळखीचे वाटत, वाक्य निसटून जाई. त्याचं कारण नंतर वाचलं. अमेरिकेतले अभ्यासक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं पुस्तक १९९६ साली आलं. स्पॅनिश किंवा पोर्तुगीजमध्ये आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म: ‘मी पिते पाणी’. कोर्लईच्या बोलीत क्रियापद सरकत सरकत वाक्याच्या शेवटी आलं आहे, मराठीसारखं: ‘मी पाणी पिते’. मराठी क्रियापदं तिने इतकी घेतली की त्यांच्यासाठी वेगळा उ-कारान्त गटच तयार झाला. म्हणजे सामान पोर्तुगालचं आणि घराचा आराखडा इथला. शुद्ध-अशुद्धच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा हे बघावं. दोन भाषा शेजारी राहिल्या की काय होतं, ते इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

मावशींचा नातू सायकल घेऊन आला. त्यांनी त्याला ‘नो लिंग’मध्ये काहीतरी विचारलं. त्याने मराठीत उत्तर दिलं आणि निघून गेला. ‘समजतं सगळं,’ मावशी म्हणाल्या, ‘पण शाळा मराठी, चर्चची प्रार्थना मराठी, मोबाइल हिंदी. बोलणार कधी?’ मग मासळीवरची माशी वारत त्यांनी मला विचारलं, ‘तू आमची भाषा शिकायला आलीस, का तुझी ती स्पेनवाली पक्की करायला?’

विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाव विचारावा तितक्या सहज विचारलं. मी खरं ते सांगितलं: स्पेनवाली. पण आता ही पण ऐकावीशी वाटते. ‘मग परत ये,’ त्या म्हणाल्या. ‘एका दिवसात काय ऐकणार?’

परतीच्या घाटात तोच प्रश्न डोक्यात होता. भाषा शिकवणारे सगळे सांगतात की त्या भाषेच्या लोकांत मिसळा. पण लोक म्हणजे सरावाचं साहित्य नाही. पन्नास कोटींच्या आसपास माणसांची मातृभाषा असलेली स्पॅनिश मी शिकले काय, न शिकले काय, तिला फरक पडत नाही. हजारभर माणसांच्या भाषेत एक सायकलवाला मुलगा गप्प राहिला, तर फरक पडतो.

काही आठवड्यांनी दुसरी गाठ पडली. दादा चाकणच्या हॉटेलांमधून परदेशी इंजिनिअरांना कारखान्यात नेण्या-आणण्याचं काम करतो. त्याच्या गाडीत बसणाऱ्या एका स्पॅनिश इंजिनिअरला रविवारी किल्ला बघायचा होता. दादा म्हणाला, ‘माझी बहीण येते, तिला तुमची भाषा येते.’ ही त्याची थोडी अतिशयोक्ती होती.

आम्ही लोहगडला गेलो. दरवाजे, पायऱ्या, पाण्याची टाकी, सगळं मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. विंचूकाट्याकडे जाताना खाली पवनेचं पाणी पसरलेलं दिसतं. मी बोट दाखवून म्हटलं, ‘आकी आबाखो आय प्वेब्लोस.’ इथे खाली गावं आहेत. माझ्या आजीचं माहेर त्या पाण्यात आहे. धरण झालं आणि आमचं पवनानगर त्यानंतर उभं राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, लोक दर्शनाला जातात. हे वाक्य कुठल्याच ॲपमध्ये नव्हतं, ते जुळवायला मला पाच मिनिटं लागली. तो थांबून राहिला. मग म्हणाला, आमच्याकडेही आहे असं. काटालोनियात साऊ नावाच्या जलाशयात एका जुन्या चर्चचा मनोरा असाच पाण्यातून डोकं वर काढतो.

मी त्याला कोर्लईची गोष्ट सांगितली. सायकलवाला मुलगा सांगितला. त्यावर तो जे बोलला ते मी त्याला दोनदा परत सांगायला लावलं, कारण माझा विश्वास बसेना. तो बिल्बाओजवळचा. त्याच्या आजीची भाषा स्पॅनिश नव्हती. ती बास्क बोलायची, तिच्या भाषेत ‘एउस्कारा’. फ्रँकोच्या राजवटीत ती भाषा शाळेत चालत नसे. वर्गात एक अंगठी असायची. जो मुलगा बास्क बोलताना सापडेल त्याच्या हातात ती द्यायची, त्याने पुढच्याला पकडून द्यायची, आणि शेवटी जिच्या हातात अंगठी राहील तिला शिक्षा. आजीने पुढे आपल्या मुलांशी घरातही स्पॅनिशच बोलायचं ठरवलं. म्हणून त्याच्या वडिलांना बास्क येत नाही आणि त्यालाही नीट येत नाही.

म्हणजे मी जिच्यामागे लागले होते त्या भाषेच्या पोटातही एक कोर्लई होतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. फ्रँको १९७५ साली गेला. १९८२ साली बास्क प्रदेशाच्या संसदेने भाषेचा कायदा केला, बास्क माध्यमाच्या शाळा वाढल्या. या इंजिनिअरची मुलगी आता बास्कमध्ये शिकते आणि तो रात्री व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून धडे घेतो. चाळीशी ओलांडलेला माणूस, सात वर्षांच्या मुलीकडून. ‘ती माझे उच्चार सुधारते आणि हसते,’ तो म्हणाला.

कोर्लईला स्वतःची संसद नाही, कायदा नाही, शाळा नाही. पण मावशी आहेत, नातवाला सगळं समजतं, आणि समजणं म्हणजे अर्धी भाषा शिल्लक आहे. उरलेली अर्धी कुणी बाहेरचा वाचवू शकत नाही. बाहेरचा एवढंच करू शकतो की ऐकायला परत जायचं, म्हणजे त्या मुलाला दिसेल की या बोलीसाठी कुणीतरी घाट उतरून येतं. मी त्यानंतर दोनदा जाऊन आले. वहीत सध्या साठ-सत्तर शब्द आहेत. स्पॅनिशचा सरावही होतो, नाही असं नाही.

तुम्हीही कुठली परदेशी भाषा शिकत असाल तर ‘बोलणार कुणाशी’ हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. माझा अनुभव इतकाच: आपण रिकाम्या हाताने गेलो तर समोरचा हवामानाबद्दल बोलतो. आपल्या घरातली भाषा सोबत नेली तर तो त्याच्या आजीबद्दल बोलतो.

पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी ‘पानी’ म्हणाले म्हणून वर्ग हसला होता. तेव्हापासून पुण्यात मी ‘पाणी’ म्हणते आणि घरी ‘पानी’. लोहगड उतरताना टाकीपाशी थांबून त्या इंजिनिअरने विचारलं, तुझ्या आजीच्या गावात याला काय म्हणायचे? त्याने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, मुलीला पाठवायला.

मी न-कारातलंच म्हटलं. पानी.