उलटी फेरी

आदिलाबादच्या इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर सकाळी फिरायला येणारे बहुतेक जण मैदान डाव्या हाताला ठेवून चालतात. तसं कुणी सांगितलेलं नाही. पुढचा चालतो म्हणून मागचा चालतो. एक गृहस्थ मात्र समोरून येतात. माकडटोपी, गळ्यापर्यंत ओढलेला स्वेटर, खाली धोतर आणि पायांत पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, बहुधा नातवाचे. एका फेरीत ते प्रत्येकाला दोनदा भेटतात आणि दोन्ही वेळा ‘राम राम’ घालतात. शेवटी एकदा विचारलंच, “काका, तुम्ही उलटे का फिरता?”

“मी सरळच फिरतो. प्रदक्षिणा अशीच घालतात.”

मधे देव नाही, पोरांचं क्रिकेट आहे. पण मला त्यांचं पटलं. बाकीचे आम्ही तरी कशाभोवती फिरतो? फोनातल्या दहा हजारांभोवती. हा आकडा काही वैद्यांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, यामासा या जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं ठेवलं. गोल आकडा, खपायला सोपा. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांचा अभ्यास झाला, तेव्हा साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही असं दिसलं. तरी आमच्यातले काही जण शेवटची दोनशे पावलं घराच्या ओट्यावर येरझाऱ्या घालून भरून काढतात. मी चहाची टपरी उघडली की थांबतो.

पौष लागला की मात्र या जिल्ह्यात वेगळंच चालणं सुरू होतं. इंद्रवेल्ली भागातल्या रस्त्यांवर मेस्राम कुळातले गोंड दिसू लागतात. पांढरी धोतरं, पांढरे फेटे, एकामागे एक, आणि सगळे अनवाणी. त्यांच्या कुळदेवाला, केसलापूरच्या नागोबाला, गोदावरीचं पाणी लागतं. ते आणायचं जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू डोहातून, झारीत, आणि जाऊन-येऊन पायीच. बसगाड्या अंगावरून जातात, कुणी मान वर करत नाही. मी एकदा गाडी कडेला घेऊन बराच वेळ त्यांच्या पायांकडेच बघत बसलो. डांबर सोडून ते कडेच्या गवतावरून जात होते. गवत दवानं भिजलेलं, धोतरं स्वच्छ, आणि टाचांच्या भेगांत मात्र कापसाच्या रानातली काळी माती पक्की बसलेली. घाई नव्हती. रेंगाळणंही नव्हतं. एका म्हाताऱ्याला विचारलं, किती चालणं झालं? त्यानं हातानं मागचा डोंगर दाखवला आणि पुढे गेला.

परत आल्यावर लगेच घरी जायचं नसतं. केसलापूरच्या वडांखाली मुक्काम पडतो, पौष अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं महापूजा होते आणि कुळात नव्यानं आलेल्या सुनांची देवाशी भेट घडते. मग जत्रा. जत्रेत दरबारही भरतो, कलेक्टरसमोर गाऱ्हाणी मांडायला. ही रीत निजामाच्या काळातली. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर सरकारनं हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं; दरबार त्याच्याच सुचवण्यावरून सुरू झाला. तो मारलावाईला राहिला, तिथं त्यानं गोंड मास्तर तयार केले आणि गोंडीची पुस्तकं देवनागरीत काढली, कारण मराठीमुळे ती लिपी इथं चालत होती. त्याच्या बायकोची, बेटीची, समाधी मारलावाईतच आहे. आजही इथला म्हातारा गोंड आपल्याशी मराठीत बोलतो आणि शाळेत शिकलेले आपण त्याला तेलुगूत उत्तर देतो, याची मला लाज वाटते.

11 ऑक्टोबर 2016 ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. केसलापूर आदिलाबादेत राहिलं, हस्तिनमडुगू मंचेरियालला गेलं. पाणी अजून तिथूनच येतं.

जत्रेला यायचं असेल तर जाड स्वेटर आणा, आमच्याकडची थंडी वाईट. आणि रस्त्यात पांढऱ्या धोतरांची ओळ दिसली, तर हॉर्न वाजवू नका.